एकसारखं सूत

नातीला, सोनमला, आतल्या खोलीत घालून वच्छलाबाईंनी बाहेरून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारापुढंच स्वतः कातलेल्या सुताची घोंगडी अंथरून बसल्या. यवतचे पाहुणे अकराला तिला बघायला येणार होते. त्यांना याच घोंगडीवर बसवायचं. आणि पुण्यात आभाळावरच्या संशोधनाच्या जागेसाठी सोनमची मुलाखतही आजच. मांडवगणातून एसटी साडेनवाला. एसटी एकदा गेली की दार उघडीन, असं त्यांनी मुलाला, मल्हारीला, सांगितलं होतं.

"आज्जी, उघड की!"

"गप बस. आभाळ कुठं पळून चाललंय तुझं?"

दाराखालून एक कागद सरकत आला. आडव्या अंड्यासारखं चित्र, आत निळे-तांबडे ठिपके.

"ही कुणाला गोवर उठलीय?"

"जगातला सगळ्यात जुना उजेड हाय त्यो. आधी सगळं इतकं तापलेलं की उजेड आतच कोंडलेला. निवलं तवा सुटला. कुठं दाट व्हतं, कुठं विरळ, त्याचे हे ठिपके. जगाची सुरुवात कशी झाली असंल तर असे ठिपके उठतील, ते मी गणितानं मांडते."

वच्छलाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"म्हंजी सूत एकसारखं कातलेलं न्हाई."

आत पावलं वाजली. मग सोनमचा आवाज अगदी दाराशी आला.

"व्हय आज्जी. एकसारखं असतं तर तारे न्हाई, धरती न्हाई, तू न्हाई, मी न्हाई. जिथं गाठ राहिली, तिथंच सगळं जमत गेलं."

वच्छलाबाईंनी कागद मांडीवर ठेवला. नव्या नवरी असताना त्यांच्या सुतात गाठी यायच्या. सासूनं तीन दिवस कोंडून लोकर कातायला लावली. बाहेर आल्या त्या हात सरळ करूनच. पुढं त्यांच्या सुताची घोंगडी शिरूरच्या बाजारात लोक न उलगडता उचलायचे. हे त्या आल्यागेल्याला ऐकवत.

पारापाशी एसटीचा हॉर्न वाजला.

वच्छलाबाईंनी कुलूप काढलं. पिशवी घेतलेली सोनम उंबऱ्यातच थबकली.

"आता काय ववाळू का तुला? पळ!"

अंगणातून मल्हारी ओरडला, "आये! पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, म्हातारीला कुलूप लावता येत न्हाई."

मग त्या खाली बसल्या आणि घोंगडीवरून हात फिरवू लागल्या. एखादी तरी गाठ राहिली असंल. या काठापासून त्या काठापर्यंत हात गेला. बोटांना काहीच लागलं नाही.