जुनी ट्यूब

होडी आपोआप सरळ चालवणारं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं. दुपारी शिडाची कप्पी तुटून नवऱ्याचा दंड फाडून गेली. तो खाली केबिनमध्ये रक्तबंबाळ पडलेला, आणि वर बायकोच्या मुठीत सुकाणूचा दांडा. सोडला तर होडी उजवीकडच्या खडकांवर, धरून बसली तर नवरा हातचा जाणार. पायाशी सायकलची जुनी ट्यूब होती. "यंत्र दगा देईल, ही नाही," म्हणत तो तिला जिवापाड जपायचा. बायको चिडून ट्यूबला सवत म्हणायची. त्यानं शिकवलं होतं तसा तिनं शिडाचा दोर दांड्याला एका अंगानं बांधला, दुसऱ्या अंगानं ट्यूब ताणली आणि हात सोडला. होडीचं नाक खडकांकडे वळलं. शिडावरचा वाऱ्याचा जोर कमी होऊन दोर सैलावला, ट्यूबनं दांडा खेचला, नाक मुकाट परतलं. ती खाली धावली, रुमालानं दंड आवळला. "अगं, सुकाणूवर कोण?" "माझी सवत."