मागे जायची सोय

कंपनीतून आल्या आल्या श्रीयश व्हिडिओ गेम लावून बसला. त्यात राजकन्या आणि वैदीण, दोघींपैकी एकीचं मन जिंकायचं होतं. उत्तर चुकलं की ती दुरावायची. त्याची बायको नीरजा, दिवसभर शाळेत शिकवून दमलेली, शेजारी बसून लोणावळ्याच्या हवेत चार दिवसांनी एकदाचे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

वैदिणीनं तोंड फिरवलं.

"फारच तोडून बोललो. लागलं तिला," म्हणत श्रीयशनं गेम मागे नेला आणि विचार करून दुसरं उत्तर निवडलं. ती हसली.

"पोळ्या आत्ता करू, की थांबू?" नीरजानं विचारलं.

"दिसत नाही का, खेळतोय ते?" तो खेकसला.



नीरजा उठून आत गेली, आणि परत बाहेर येऊन तिनं तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला.