तेव्हा तुम्ही कुठे होतात?

दवाखान्याचं दार तिनं खांद्यानंच ढकललं. अंगावर बसचालकाचा गणवेश, पाठ घामानं भिजलेली. बदली चालक येईपर्यंत तिनं थांब्यावर कसाबसा दम धरला होता. तो येताच त्याच्या हातात बस सोपवली आणि ती तशीच पळत सुटली होती. फोनवर नवरा एवढंच म्हणाला होता, "ठमी पडली पलंगावरून."

पडली म्हणे! आठ महिन्यांची पोर जशी काही सकाळी उठून, आज पडायचंच असं ठरवून बसली होती.

ठमी सासूबाईंच्या मांडीवर होती. रडून रडून दमलेली, नाक वाहतंय, आणि भुवईच्या वर लिंबाएवढं टेंगूळ. आईला बघताच तिनं पुन्हा भोकाड पसरलं.

"आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "बघ लेकराची काय दशा झाली ती. आई घरात नसली की हे असं होतं."

"घरात बाबा होता ना, आई. आज सुट्टी आहे त्याला."

"तो पुरुष माणूस. त्याचं लक्ष ते किती राहणार?"

पुरुष माणूस शेजारीच बसला होता. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, हातात फोन. त्यानं मान वर केली नाही.

तिनं ठमीला उचलून छातीशी धरलं. तेवढ्यात टेबलामागची बाई म्हणाली, "बाळाची आई का तुम्ही? पडलं तेव्हा काय करत होतात?"

"बस चालवत होते."

"अगं बाई! एवढंसं बाळ घरी टाकून?" बाईनं जिभेचा टकटक आवाज केला, मग नवऱ्याकडे वळून मायेनं विचारलं, "तुम्ही फार घाबरलेले दिसताय. पंखा वाढवू का?"

"चालेल," नवरा म्हणाला. दवाखान्यात ती आल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

आतल्या खोलीतले डॉक्टर वयस्कर होते, हाताला हलके. त्यांनी ठमीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, टाळू चाचपली, हातपाय हलवून पाहिले. ठमीनं रडता रडताच त्यांच्या गळ्यातली नळी पकडून ओढली. ते हसले.

"पकड चांगली आहे. घाबरू नका, नुसता मुका मार आहे."

तिचा कोंडलेला श्वास सुटला. ती भिंतीजवळच्या बाकावर टेकली. डॉक्टरांनी ठमीला सासूबाईंकडे दिलं आणि चष्मा काढून थेट तिच्याकडे पाहिलं.

"पण असं करून चालायचं नाही. आता ती पालथी पडते, सरकते. पलंगावर एकटीला सोडायचं नसतं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. लाल दिवा कधीतरी हिरवा होईलच, अशा भरवशानं माणूस वाट बघतो, तशी तिनं वाट बघितली. नवरा भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाचं चित्र बघत होता. कधी न पाहिल्यासारखं, अगदी मन लावून.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी पुलावर होते, डॉक्टर. मागे बसभर माणसं होती. एकालाही खरचटलं नाही. ह्याच्याकडे एकच होती."

सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, चारचौघांत नवऱ्याला असं..."

"मला चारचौघांतच विचारताय ना सगळे? मग उत्तरही चारचौघांतच मिळेल."

"फोन वाजला म्हणून मी जरा बाहेर गेलो," नवरा घाईनं म्हणाला. "ती झोपली होती. मला काय माहीत ती उठून..."

"मग हे सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तू चिडशील म्हणून."

"पडायचं काय, उद्या माझ्या हातूनही पडेल. पण आईंनी विचारलं, बाहेरच्या बाईनं विचारलं, डॉक्टरांनी विचारलं. तू मूग गिळून बसलास आणि ऐकत राहिलास. वर पंख्याचा वारा घेतलास!"

डॉक्टरांनी खाकरून घसा साफ केला आणि सवयीनं पुन्हा तिच्याकडेच बघत बोलू लागले, "बरं. आजचा दिवस लक्ष ठेवायचं. उलटी झाली, किंवा..."

"मला नका सांगू. ह्याला सांगा. उरलेला दिवस तिला हाच बघणार आहे."

"त्याला काय कळतंय त्यातलं?" सासूबाई म्हणाल्या.

"कळेल. मी काय आईच्या पोटातून शिकून आले होते?"

तिनं उठून सासूबाईंच्या मांडीवरून ठमीला घेतलं, नवऱ्याच्या हातात दिलं आणि परत बाकावर येऊन बसली. मग डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उलटी झाली तर. झोपेतून उठवल्यावर नीट जागी झाली नाही तर. दूध घेईनाशी झाली तर.

"थांबा, थांबा," नवरा म्हणाला. "झोपेतून उठवायचं म्हणजे कसं?"

ठमी त्याच्या हातांत मासोळीसारखी वळवळत होती. तिनं आईच्या दिशेनं दोन्ही हात पसरले आणि टाहो फोडला. त्यानं तिला या खांद्यावर घेतलं, त्या खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. ती आणखीच रडायला लागली. सासूबाई अर्धवट उठल्या.

"बसा, आई."

आणि तिनं आपले दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले, त्यांच्यावर सगळा भार टाकला आणि तशीच बसून राहिली.