फ्रीजमधली सगळ्यात थंड जागा

"सुरी नको," म्हणत सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं. "आतली नळी फुटली तर सगळा गॅस निघून जाईल. बर्फ आपोआप सुटतो. जरा वेळ दे त्याला."

सुनेने सुरी ओट्यावर ठेवली. रविवारनंतर दोघांमधलं हे पहिलंच बोलणं. सासऱ्यांचं आयुष्य बसडेपोत इंजिनं खोलण्यात गेलेलं. बिघडलेलं यंत्र समोर आलं की ते बाकी सगळं विसरायचे, अबोलासुद्धा. त्यांनी भिंतीतला प्लग काढला. मधल्या कप्प्यात कढत पाण्याचं पातेलं ठेवलं, फ्रीजचं दार सताड उघडं टाकलं, खाली जुनी चादर पसरली आणि स्टूल ओढून बसले. डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. ती जखम काही केल्या भरत नव्हती.

साखरच खाली येत नव्हती, तर जखम भरणार कशी? डॉक्टरांनी इन्शुलिनचा डोस वाढवला, मग पुन्हा वाढवला. पथ्य कडक केलं. रिपोर्ट मात्र दर वेळी आधीच्यापेक्षा वाईट. रविवारी नणंद आली, तिने तो कागद वाचला आणि थेट भावजयीलाच धारेवर धरलं.

"रोजचं इंजेक्शन होतं ना गं वेळेवर? की तुझ्या कामाच्या गडबडीत राहून जातं?"

सुनेच्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासरे म्हणाले, "तिला कशाला बोलतेस? मीच खातो. बिस्किटं. घरात कुणी नसताना."

विषय तिथेच संपला. नवऱ्याने त्याच संध्याकाळी खाऊच्या कपाटाला कुलूप घातलं. सून मात्र आतून पेटली होती. यांच्यासाठी आपण जिवाचं रान करायचं आणि यांनी आपली पाठ वळताच डबे उघडायचे! "माझ्या कष्टांचं हेच का हो फळ, बाबा?" एवढंच ती म्हणाली होती. त्यांनी मान खाली घातली. तेव्हापासून ती ताट वाढायची, औषध द्यायची, पण बोलायची नाही.

थोड्याच वेळात बर्फाचा एक मोठा थर निसटला आणि धप्पकन चादरीवर पडला. सुनेने बादली पुढे ओढली. दुधाचं भांडं, भाज्या, कोथिंबिरीचा डबा असं एकेक बाहेर काढलं. सगळ्यात शेवटी, वरच्या कप्प्यातल्या पार मागच्या भिंतीला टेकवलेल्या इन्शुलिनच्या बाटल्या. ती जागा तिने मुद्दाम निवडली होती. उन्हाळा लागला तसं दूध नासायला लागलं, म्हणून फ्रीजचं बटण तिने शेवटच्या आकड्यावर नेलं होतं. तेव्हाच औषधही आत सरकवलं होतं. दार कितीही वेळा उघडलं तरी तिथे गरम हवा पोचायची नाही, कुणाचा धक्का लागायचा नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या ती चालू बाटली काढायची. बाटली भिंतीपासून सुटताना बारीकसा कट् असा आवाज व्हायचा. चांगली गार आहे, म्हणून तिला बरंच वाटायचं. बाटली टेबलावर ठेवून ती कामाला लागायची. सासऱ्यांची आंघोळ होऊन इंजेक्शनची वेळ होईपर्यंत त्या बाटलीकडे पुन्हा कोण बघतंय?

आज तिने बाटली खिडकीच्या उजेडात तिरकी केली. आतलं औषध हललं नाही.

तिने दुसरी उचलली. ती तर अजून सीलबंद होती. आत पांढरा खडा होऊन बसलेला.

तिने डॉक्टरांना फोन लावला.

"गोठलं होतं? मग ते गेलं कामातून," डॉक्टर म्हणाले. "वितळलं तरी भरवशाचं राहत नाही. सगळ्या बाटल्या टाकून द्या. इन्शुलिन गार ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. मागच्या भिंतीला तर लावायचंच नाही. आणि हे बघा, नवीन बाटली आणून हा वाढवलेला डोस परस्पर देऊ नका. साखर एकदम उतरेल. आधी त्यांना इकडे घेऊन या. आजच."

फोन ठेवून ती ओल्या फरशीवर तशीच बसली. फ्रीजमधून पाणी ठिबकत होतं. सासरे चादरीचं टोक बादलीत पिळत होते. डॉक्टरांचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "इतके दिवस तुम्हाला औषध मिळतच नव्हतं, बाबा. टेबलावर वितळलेलं नुसतं पाणी टोचत होतो आपण."

"तू काय मुद्दाम केलंस? ऊठ, साडी भिजतेय."

ती उठली नाही. मग तिने हळूच विचारलं, "बाबा, खरं सांगा. बिस्किटं खायचात तुम्ही?"

"अगं, तुकडासुद्धा नाही."

"मग ताईंसमोर कबूल का केलंत?"

त्यांनी चादर नीट पिळली, झटकली आणि पुन्हा फ्रीजखाली पसरली.

"ती तुला विचारत होती आणि तू गप्प उभी होतीस. दिवसभर घरात आपण दोघंच," ते म्हणाले. "मी माझ्यावर घेतलं नसतं, तर दोष द्यायला उरलं कोण?"