भिंगरीचा पंजा

भिंगरीने आबांच्या पावलावर पंजा ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. केतकीने निवडायची भाजी बाजूला सारून फोन उचलला.

"लाडावलीय गं ती," केतकीचे सासरे आबा म्हणाले. "फोन करू नकोस. नेतील तिला."

हृदयविकाराचा झटका येण्याआधी घामाचा वास बदलतो, आणि तो ओळखणारी मांजर आता घरोघरी होती. केतकीने भिंगरीला कधीही न रागावता शिकवलं होतं. वास ओळखून पंजा ठेवला, की आधी शाबासकीची चुटकी आणि मग सुक्या बोंबलाचा तुकडा. पण आबाही जेवताना तिला गुपचूप तुकडे देत. भिंगरी उगाचच त्यांच्या पायावर पंजा ठेवू लागली आणि अॅम्ब्युलन्स दोनदा फुकट आली. तिसऱ्यांदा असं झालं तर मांजर काढून घेऊ, असं अॅम्ब्युलन्सवाल्यांनी बजावलं होतं.

केतकीने फोन खाली ठेवला. भिंगरी मात्र आबांच्या हाताकडे बघत नव्हती. ती केतकीकडे टक लावून बघत होती.

"आबा, आज तिला काय दिलंत?"

"काय देणार? श्रावण लागल्यापासून घरात बोंबील आहे कुठे? आठवडाभर ती माझ्याकडे फिरकलीसुद्धा..."

आबा बोलता बोलता थांबले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

केतकीने फोन लावला. पलीकडून कोणी उचलेपर्यंत तिने दुसऱ्या हाताने चुटकी वाजवली.