शेवटच्या गाडीतली काठी

"काठी आल्याशिवाय नाही," जोव्हेलिन म्हणाली आणि लाल झेंडा तसाच आडवा धरून उभी राहिली.

बोयेटने ट्रकच्या खिडकीतून मान बाहेर काढली. त्याच्यामागे सिमेंटची पोती रचली होती, वरची ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. "अगं बाई, काठी तिकडे जेवायला बसली असेल! वादळाचा दुसरा इशारा लागलाय. आभाळ बघ जरा."

मागच्या प्रवासी जीपनीतून कुणीतरी ओरडलं, "कॉलेज शिकलेली, आणि विश्वास कशावर, तर बांबूवर!"

सगळे हसले. मग हॉर्न सुरू झाले.

जोव्हेलिनने ते कानाआड केलं. भूकंपात पुलाच्या मधल्या खांबाला तडा गेला होता, हाताचा पंजा आत जाईल एवढा. तेव्हापासून लोखंडी पत्रे टाकलेल्या एकाच पट्ट्यावरून गाड्या जायच्या, एका वेळी एकाच बाजूच्या. खालून बोटी जाव्यात म्हणून पूल मधे उंच बांधलेला. त्या चढामुळे पलीकडचं टोक दिसायचं नाही. दोन्ही टोकांना दिलेले वायरलेस खाऱ्या हवेने केव्हाच बंद पडले होते. मग ही काठी आली. पलीकडचा नेस्टर त्याच्या रांगेतल्या शेवटच्या गाडीला लाल फडकं बांधलेली बांबूची काठी द्यायचा. ती इकडे पोचली म्हणजे पूल रिकामा. मगच इकडच्या गाड्या सोडायच्या. ट्रक असेल तर तो एकटाच.

शाळा पलीकडे होती. जोव्हेलिनची मायुमी पहिलीत. म्हाताऱ्या मानोंग इस्कोच्या ट्रायसिकलमधे, मोटारसायकलला जोडलेल्या त्या पत्र्याच्या पेटीत बसून ती रोज दुपारी घरी यायची. पहिल्याच दिवशी जोव्हेलिनने नेस्टरला बजावलं होतं, "माझ्या पोरीची गाडी सगळ्यांत शेवटी सोडायची. आणि काठी तिच्याच हातात द्यायची."

"का गं? फार लाडाची म्हणून?"

काठी मायुमीच्या हातात आहे तोवर समोरून पुलावर काही येणार नाही. खूप डोकं शिणवून जोव्हेलिनला सापडलेली ही एवढी एकच खात्री होती, आणि ती बोलून दाखवायचीही तिला भीती वाटायची.

दुपारची काठी नेहमी चिकट असायची. मायुमी शाळेतून निघताना बुकायो घ्यायची, काकवीत शिजवलेल्या खोबऱ्याची वडी. जोव्हेलिन ती काठी लगेच पुसायची नाही. थोडा वेळ तशीच धरून ठेवायची.

जेवताना मायुमी विचारायची, "आज पण ओरडले तुला?"

"ओरडले. काठीला उशीर झाला की ओरडतात."

"खूप?"

"आता खा बरं तू."

आज अजून सकाळच होती. शाळा सुटायला बराच अवकाश होता. गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. वारा पुलाच्या कठड्यातून शीळ घालत होता. हॉर्न थांबत नव्हते. बोयेट खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला. "माझ्या घरचं छप्पर उडालं ना, तर तुझ्या दारात येऊन राहीन मी. बायकापोरांसकट."

तेवढ्यात चढावर एक मोटारसायकल दिसली. मागे माशांच्या रिकाम्या पाट्या बांधलेल्या. नेस्टरची रांग संपल्यावरही मागून अशी एखादी घुसायचीच. आणि कोळ्याच्या हातात लाल फडकं होतं.

"आली, आली!" रांगेत टाळ्या वाजल्या.

"घे बाई, तुझा राजदंड," कोळी म्हणाला आणि काठी तिच्या हातात कोंबून पुढे जाऊन थांबला. पाट्यांची सैल झालेली दोरी आवळू लागला. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. हॉर्नच्या गदारोळात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. बोयेट तोवर ट्रकमधे चढलासुद्धा होता.

तिने हिरवा झेंडा वर केला.

ट्रक पत्र्यांवर चढला. पत्रे एकामागून एक खणखणत गेले. पायाखालची जमीन नेहमीसारखी हलली, आणि नेहमीसारखा तिने श्वास रोखून धरला. पोती चढावर दिसली, मग नुसती ताडपत्री, मग काहीच नाही.

झेंडा गुंडाळायला ती काठी दुसऱ्या हातात घ्यायला गेली. काठी तळव्याला चिकटून राहिली. सुटेना.

तिने हात नाकाशी नेला. काकवी. खोबरं.

"काठी कुणी दिली तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? ते ट्रायसिकलवाले मानोंग," कोळी दोरीला गाठ मारत म्हणाला. "चेन तुटलीय बिचाऱ्याची. चढाच्या थोडं पलीकडे बसलाय गुडघ्यांवर. आत एक पोरगी आहे. वादळ म्हणून शाळा लवकर सोडल्यात ना आज."

ती धावत सुटली. शिट्टी तोंडात होती, पण फुंकायला श्वास नव्हता. चढापलीकडून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक. पत्रे करकरले. मग हॉर्न मधेच तुटला.

मागे रांगेतले सगळे हॉर्नही थांबले होते. त्या शांततेत कोळी तिच्या पाठीवर ओरडत होता, "मला काय माहीत, बाई! मी मागितली नव्हती! त्या पोरीनेच दिली हातात. म्हणाली, लवकर नेऊन द्या, काका, उशीर झाला की लोक माझ्या आईला ओरडतात!"