शिबिराची वेळ

"साठ-सत्तर म्हातारी माणसं बंद शाळेच्या पायऱ्यांवर दीड तास बसून होती, हारुन! डोळ्यांचं शिबिर दहाचं, आणि तू पत्रात घातलंस साडेआठ!" फोनवर धनंजय ओरडत होता.

हारुन दुबईत, देऱ्यातल्या कार्गो ऑफिसच्या जिन्यात उभा होता. जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. चूक कशी झाली ते त्याला ऐकता ऐकताच कळलं, आणि ती इतकी खुळ्यासारखी होती की सांगायचीही लाज वाटली.

आमदारांचं पत्र आमदार स्वतः लिहीत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धनंजय त्यांचा पीए. त्याच्या मराठीचा सगळा आनंदच, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने हे काम आपल्या शाळेतल्या मित्राच्या गळ्यात मारलं. दर महिन्याला तो फोनवर मुद्दे सांगायचा. मच्छीमारांचा डिझेल परतावा, रस्त्याचं डांबर, दहावीला कोण पहिलं आलं, कोण वारलं. हारुन सहा जणांच्या खोलीवर जाऊन, आपल्या बंकचा पडदा ओढून, त्याचं पत्र करायचा. मग ते मतदारसंघातल्या हजारो मोबाइलवर पोचायचं. लिहिणारा दुबईत बसलाय, हे साहेब आणि धनंजय सोडून कुणाला माहीत नव्हतं.

चूक एकोणीस वर्षांच्या सवयीची होती. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. गावाकडची कुठलीही वेळ कानावर पडली की हारुनचं डोकं आपोआप दीड तास वजा करायचं. बहिणीचा निकाह, ईदची नमाज, सगळं त्याने इथे बसून असंच दीड तास कमी करून पाहिलं होतं. अब्बांना दफन केलं ते दुपारी दोनला. त्याच्या घड्याळात तेव्हा साडेबारा वाजले होते आणि तो एका कंटेनरचे कागद टाइप करत होता. व्हिसा बदलायला टाकलेला. देशाबाहेर पडला असता तर हातातली नवी नोकरी गेली असती.

"बापाला माती द्यायला आला नाहीस," अम्मी म्हणाली होती, "आता माझ्याशी बोलायला येऊ नकोस." मैमुनाबीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वर्ष झालं, तिने त्याचा फोन उचलला नव्हता.

पण आमदारांचं पत्र ती ऐकायची. शेजारची झारा तिला ते वाचून दाखवायची. हे कळल्यापासून हारुन पत्राच्या शेवटी दोन ओळी जास्त लिहू लागला. थंडी पडलीय, गुडघे जपा. बीपीची गोळी चुकवू नका. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, एकट्याने उतरू नका. "दादी म्हणते, आमदार बरा माणूस आहे, म्हाताऱ्यांची चौकशी करतो," असं झाराने एकदा कळवलं होतं. हारुनला बरं वाटलं, आणि त्या आमदाराचा मनापासून हेवाही वाटला. लग्न जमता जमता राहिलेलं, अब्बा गेलेले, अम्मी बोलत नाही. एवढ्या माणसांनी भरलेल्या देऱ्यात त्याला आपलं म्हणावं असं ते एक पत्रच होतं.

"साहेब भडकलेत," धनंजयचा आवाज आता जरा खाली आला. "पुढच्या महिन्यापासून पत्र इथलंच कुणीतरी लिहील."

"धन्या, तेवढं काढून घेऊ नको रे. दुसरं काहीही सांग."

"माझ्या हातात नाही. खलास म्हणतात ना तुमच्याकडे, तसं समज. लोकांनी तक्रारीचे व्हॉइस मेसेज पाठवलेत, मी ऐकलेसुद्धा नाहीत. तसेच तुला धाडतो. सगळ्यांना साहेबांच्या नावाने माफीचं उत्तर लिही. तेवढं शेवटचं काम."

अकरा मेसेज आले. हारुन जिन्याच्या पायरीवर बसला. पहिल्यात एक आजोबा म्हणत होते, मतं मागायला येता तेव्हा बरी वेळ पाळता. दुसऱ्यात नुसत्या शिव्या होत्या. तिसऱ्यातल्या बाईंना चक्कर आली होती. तो मान खाली घालून एकेकाची माफी लिहीत गेला. आतून सुपरवायझरची हाक आली, "हारुनभाई, यल्ला, चला लवकर!" तो उठला आणि उभ्याउभ्याच पुढचा मेसेज लावला.

तो आवाज त्याने वर्षभर ऐकला नव्हता. तो पुन्हा खाली बसला.

"आमदारसाहेब, मी मैमुनाबी. आज शाळेला कुलूप बघून सगळे तुम्हाला वाट्टेल ते बोलले. मी नाही बोलले. मी पायरीवर बसून घड्याळ बघत होते. तुमचा माणूस आला तो दहाला. म्हणजे बरोबर दीड तास. अशी चूक इथला माणूस करत नाही, साहेब. एकोणीस वर्षं मी घड्याळात दीड तास कमी करून बघते. आता उठला असेल, आता जेवला असेल. गेलं वर्षभर बोलत नव्हते, तरी बघत होते. माझे गुडघे कुणाला ठाऊक, ती विहीर कुणाला ठाऊक, त्याचा आज माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमचं पत्र लिहिणाऱ्याला रागावू नका. त्याला एवढंच सांगा, आज फोन कर म्हणावं. त्याच्या आठला, आमच्या साडेनऊला. मी उचलीन."